रात्रीची गाडी आणि एका राजाचे महाल : नागपूरहून ओरछा व दतिया, एका दिवसात

वर्धारोडचा प्रवासी (धागाकर्ता)

मध्य प्रदेशातल्या ओरछ्याला जायचे तर चार दिवसांची रजा हवी, असा आमच्या घरात कित्येक वर्षे समज होता आणि ती चार दिवसांची रजा कधी जुळून आली नाही. शेवटी या फेब्रुवारीत एका शुक्रवारी रात्री जेवण करून नागपूर स्थानकावर गाडीत बसलो, शनिवारचा पूर्ण दिवस महाल पाहिले आणि रविवारी दुपारच्या जेवणाला घरी होतो. बरोबर माझी आई होती, जिचे वय ६८ आहे आणि गुडघे दुखरे आहेत, आणि नववीतली मुलगी होती. ज्यांना तसे जायचे असेल त्यांच्या उपयोगी पडावे आणि ज्यांनी हे महाल आधी पाहिले आहेत त्यांनी माझ्या चुका दुरुस्त कराव्यात, म्हणून हे लिहीत आहे.

आधी गाडीचे सांगतो. दक्षिणेकडून दिल्लीकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या नागपूर, इटारसी, भोपाळ करीत झाशीला जातात. अंतर सुमारे ६८० किलोमीटर आहे आणि नऊ-दहा तास लागतात, म्हणजे रात्री पाठ टेकावी आणि उजाडता उजाडता उतरावे, इतके ते सोयीचे आहे. झाशी स्थानकाचे नाव आता वीरांगना लक्ष्मीबाई झाशी असे आहे, तेव्हा तिकीट काढताना जुने नाव शोधत बसू नये. स्थानकाच्या प्रतीक्षालयात तोंड धुऊन, घरून आणलेल्या पोळ्या आणि सुकी भाजी खाऊन आम्ही रिक्षा केली. ओरछा तेथून सुमारे १७ किलोमीटरवर आहे. भाडे ठरवताना 'तिघांचे मिळून' हे शब्द उच्चारायला मी विसरलो आणि उतरताना त्याची किंमत मोजली, एवढे नमूद करून पुढे जातो.

ओरछ्यात रामराजाचे दर्शन आटोपेपर्यंत किल्ल्याचे दार उघडते. बेतवेच्या एका फाट्यावरचा जुना दगडी पूल ओलांडला की आपण एकदम बुंदेल्यांच्या राजधानीत येतो. किल्ल्यातल्या वास्तूंना मिळून एकच तिकीट असते आणि ते दारोदार पाहिले जाते, म्हणून जपून ठेवावे. आत मुख्य महाल दोन. राजा महाल हा जुना असून मधुकर शाहाच्या काळात, म्हणजे सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, पुरा झाला. बाहेरून तो इतका साधा आहे की मुलीने "हे गोदाम आहे का?" असे विचारले. आत गेल्यावर मात्र तिचीच मान वर गेली ती खाली येईना, कारण तिथल्या दालनांच्या छतांवर आणि भिंतींवर विष्णूचे अवतार, शिकारी, हत्ती आणि दरबारी स्त्रिया रंगवलेल्या आहेत आणि चारशेहून अधिक वर्षांनंतरही त्यातला तांबडा आणि हिरवा रंग ओळखू येतो.

दुसरा जहांगीर महाल. हा वीरसिंहदेवाने बांधला आणि मला या साऱ्या सहलीचे सूत्र येथेच सापडले. १६०२ मध्ये शाहजादा सलीमच्या सांगण्यावरून याच वीरसिंहाने अकबराचा विश्वासू अबुल फझल याला दक्षिणेतून परतताना ग्वाल्हेरजवळ गाठून ठार केले. १६०५ मध्ये सलीम जहांगीर म्हणून गादीवर आला आणि त्याच वर्षी वीरसिंहाला ओरछ्याची गादी मिळाली. ती त्याच्याकडे १६२७ पर्यंत राहिली. या बावीस वर्षांत त्याने केलेले बांधकाम पाहिले म्हणजे माणूस थक्क होतो. ओरछ्याचा जहांगीर महाल त्याचा, झाशीचा किल्ला त्याने १६१३ च्या सुमारास बांधलेला, आणि दतियाचा सात मजली महालही त्याचाच. एका खुनाच्या बक्षिसावर उभे राहिलेले एवढे सौंदर्य दुसरीकडे कुठे असेल, याचा विचार मी परतीच्या प्रवासात बराच वेळ करीत होतो.

जहांगीर महालाच्या पूर्वेकडील दाराशी दोन दगडी हत्ती आहेत. एकाने सोंडेत घंटा धरली आहे, तर दुसऱ्याने फुलांची माळ. राजा आला की घंटा वाजायची, असे तेथे सांगतात. दाराच्या वर निळ्या चकचकीत फरशांचे तुकडे अजून टिकून आहेत. सकाळच्या उन्हात त्यांचा रंग मोरपिसासारखा दिसतो, आणि तो पाहायचा असेल तर दहाच्या आतच जावे. आतला चौक प्रशस्त आहे, चारही बाजूंनी दगडी तोड्यांवर पेललेले सज्जे आहेत आणि वरच्या मजल्यांवरच्या जाळ्यांतून बेतवा दिसते. जिने मात्र अरुंद, उभे आणि काळोखे आहेत. आईने पहिल्या मजल्यापर्यंत येऊन "मी येथेच बसते, तुम्ही या," असे सांगितले, आणि ती जेथे बसली तेथून दिसणारा चौक आम्ही वरून पाहिलेल्या दृश्यापेक्षा कमी नव्हता.

राय प्रवीण महाल आम्ही घाईत पाहिला. ओरछ्याच्या दरबारातल्या या कवयित्री-नर्तकीचा हा महाल दुमजलीच आहे, कारण तो बागेतल्या झाडांच्या उंचीपेक्षा वर जाऊ नये अशी योजना होती. अकबराने तिला बोलावून घेतले तेव्हा तिने, उष्टे खाणारे कोण असतात हे एका दोह्यात सुचवून, स्वतःची सुटका करून घेतली, ही कथा तेथील प्रत्येक वाटाड्या सांगतो आणि प्रत्येकजण वेगळ्या आवाजात सांगतो.

दुपारी झाशीला परतून मिळेल त्या गाडीने दतियाला गेलो. ग्वाल्हेरच्या दिशेने अर्ध्या तासाचा प्रवास आहे. महाल गावातच एका टेकाडावर उभा आहे आणि तो स्थानकाकडून येतानाच दिसू लागतो. खरे सांगायचे तर साऱ्या दिवसातला सर्वांत मोठा महाल तो हाच. राजघराणे येथे राहावयास कधी गेले नाही, असे सांगतात, आणि आत गेल्यावर ते पटते. खालचे मजले इतके काळोखे आहेत की मोबाईलचा दिवा लावल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. वटवाघळांचा उग्र वास नाकात बसतो, हात लावावा तिथे भिंत गार लागते, आणि मग अचानक एका वळणावर आपण उघड्यावर, वाऱ्यात येतो. रचना अशी आहे की मध्ये एक बुरुजासारखा उंच मनोरा आहे, भोवती चौकोनी इमारतीचे कडे आहे आणि मधल्या मनोऱ्याला चार बाजूंनी पूल जोडलेले आहेत. त्या पुलांपैकी एकावर मुलगी मध्यभागी उभी राहिली आणि खाली वाकून पाहत राहिली. दिल्लीचे आराखडे करणारा एडविन ल्युटेन्स या इमारतीवर लुब्ध होता, यात मला काही नवल वाटले नाही. आमच्या दोन तासांत तेथे आम्ही तिघे, एक राखणदार आणि अभ्यासाला आलेली दोन मुले, एवढेच लोक होते.

परतीची गाडी साडेनऊची होती, ती साडेबाराला आली. झाशीच्या फलाटावर डासांसह तीन तास काढले. त्याचा एकच फायदा झाला: बैतुलच्या अलीकडचा घाट, जो एरवी झोपेत जातो, तो उजाडताना पाहायला मिळाला.

इतवारीकर

वृत्तान्त आवडला, परंतु एका गोष्टीबद्दल मी आपल्याशी भांडणार आहे. ओरछा अर्ध्या दिवसात उरकणे म्हणजे सावजींकडे जाऊन नुसता रस्सा चाखून उठणे. आपण लक्ष्मी मंदिराचा उल्लेखही केलेला नाही. तेथील भिंतींवर देवादिकांबरोबरच १८५७ च्या लढायांची चित्रे आहेत, त्यांत बंदुका घेतलेले गोरे शिपाई आहेत. महालांतली चित्रे आणि ही चित्रे यांच्यात सुमारे अडीचशे वर्षांचे अंतर आहे आणि ते एका गावात, एका सकाळी पाहता येते. फूलबागेतले 'सावन-भादों' हे दोन मनोरेही आपण पाहिले नसावेत. ते शोभेचे नाहीत, वारा पकडून खालच्या तळघरात सोडण्यासाठी ते उभारलेले आहेत. उन्हाळ्यात राजघराणे त्या तळघरात बसे. आपल्या नागपूरच्या मे महिन्यात कूलरसमोर बसून त्या मनोऱ्यांचा विचार केला, तर त्या बांधणाऱ्याला नमस्कार करावासा वाटतो.

माझे मत असे की दतिया सोडावे आणि ओरछ्याला पूर्ण दिवस द्यावा.

वर्धारोडचा प्रवासी

लक्ष्मी मंदिर राहिले, हे खरे आहे. आईच्या गुडघ्यांमुळे ती चढण टाळली. 'सावन-भादों' मी पाहिले, पण ते काय आहे हे आपल्याकडून आत्ता कळले; मी त्यांना दीपमाळा समजलो होतो.

दतिया सोडण्याबद्दल मात्र मी सहमत नाही. ओरछ्याचा महाल पाहिल्यानंतर लगेच दतिया पाहिला, म्हणूनच मला कळले की त्याच राजाने तीच कल्पना पुन्हा, अधिक धाडसाने मांडली आहे. चौक तोच, जाळ्या त्याच, कोपऱ्यांतले घुमट तेच, पण ओरछ्याला मधला चौक मोकळा ठेवलेला आहे आणि दतियाला त्याच मोकळ्या जागेत मनोरा उभा केला आहे. दोन्ही एका दिवशी पाहिले नसते तर हे ध्यानात आले नसते.

महालवासी

मी जन्माने आणि पत्त्याने महालातला, म्हणजे आपल्या नागपूरच्या महाल भागातला. हा भाग ज्या महालामुळे महाल झाला, तो भोसल्यांचा राजवाडा काळ्या दगडाचा होता आणि त्यावर लाकडाचे भरगच्च कोरीव काम होते. १८६४ मध्ये तो आगीत जळाला आणि नगारखान्यासारखा थोडा भाग तेवढा राहिला. लोक शेकडो किलोमीटर जाऊन दुसऱ्यांचे महाल पाहतात आणि आपल्या वस्तीच्या नावात जो महाल आहे तो कोठे होता, हे विचारीत नाहीत.

मूळ मुद्द्याकडे येतो. आपण झाशीचा किल्ला आणि राणी महाल वगळले, हे मला खटकले, आणि तेही नागपूरकराने वगळले म्हणून अधिक खटकले. झाशीचे गंगाधरराव नेवाळकर २१ नोव्हेंबर १८५३ रोजी वारले आणि नागपूरचे तिसरे रघुजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजी. तीन आठवड्यांच्या अंतराने. दोघांनाही औरस पुत्र नव्हता, आणि १८५४ मध्ये डलहौसीने दोन्ही राज्ये खालसा केली. येथे भोसले घराण्यातल्या राणी बांकाबाईंनी आणि तेथे लक्ष्मीबाईंनी अर्जविनंत्या केल्या. भोसल्यांचे जडजवाहीर कलकत्त्याला गेले आणि हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीजवळ मातीमोल भावात विकले गेले. तिकडे राणीला किल्ला सोडून शहरातल्या वाड्यात राहावे लागले. तो वाडा म्हणजेच राणी महाल. तो झाशीच्या भरबाजारात आहे आणि आता त्यात जुन्या मूर्तींचे संग्रहालय आहे. मोठा नाही, तासाभरात होतो. वरच्या मजल्यावरच्या दरबार दालनाचे रंगवलेले छत जरूर पाहावे. ओरछ्याहून परतताना गाडीला वेळ असेल तर प्रतीक्षालयात बसण्यापेक्षा तेथे जावे.

शंकेखोर सदरकर

जहांगीर त्या महालात एकच रात्र राहिला, ही गोष्ट सर्वत्र वाचायला मिळते. माझा प्रश्न असा की एका रात्रीसाठी कोणी एवढे बांधील का? मला वाटते की 'जहांगीर' हे नाव देणे हीच राजकीय चाल होती. बादशहाच्या नावाचा महाल किल्ल्यात असला म्हणजे शेजारच्या राजांना काय समजायचे ते समजते. अबुल फझलच्या खुनाचे सांगाल, तर ती केवळ आख्यायिका नाही. आपणच वीरसिंहाला ते काम सांगितले होते, हे जहांगीरने स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवले आहे. अबुल फझलची कबर आंतरी येथे आहे, आणि झाशी-ग्वाल्हेर मार्गावर डबऱ्यानंतर आंतरीचे स्थानक लागते. दतियाच्या पुढे गाडीत बसून राहिलात तर ते खिडकीतून जाईल.

आणखी एक. वीरसिंहाच्या मुलाने, जुझारसिंहाने, शाहजहानशी वैर घेतले आणि १६३५ मध्ये औरंगजेबाच्या हाताखालच्या मोगल फौजेने ओरछा घेतले. बापाने मिळवलेली मोगलांची मैत्री एका पिढीतच संपली.

झाशीची माहेरवाशीण

माझे माहेर झाशीचे, पाच पिढ्यांचे मराठी घर, आणि सासर गेली बावीस वर्षे नागपूरच्या प्रतापनगरात. दोन्हीकडची म्हणून दोन-तीन गोष्टी सांगते.

रामराजाचे मंदिर हे मुळात मंदिर नव्हे, तो महालच आहे, आणि महालांवरच्या या धाग्यात ते सर्वांत आधी यायला हवे होते. मधुकर शाह कृष्णभक्त आणि राणी गणेशकुंवर रामभक्त. राणीने अयोध्येहून रामाची मूर्ती आणली. तिच्यासाठी शेजारी चतुर्भुज मंदिर बांधले जात होते, ते पुरे होईपर्यंत मूर्ती राणीच्या महालात ठेवली, आणि मग ती तेथून हललीच नाही. पहिल्यांदा जेथे ठेवाल तेथेच राहीन, अशी रामाची अट होती. म्हणून चतुर्भुज मंदिराला एवढे उंच शिखर आहे पण ज्याच्यासाठी ते बांधले तो राम शेजारच्या घरात राहतो. ओरछ्यात राम देव म्हणून नव्हे, राजा म्हणून पुजला जातो आणि पोलीस त्याला शस्त्रांची सलामी देतात. आमच्या लहानपणी आजी म्हणायची, "ओरछ्यात गेलात की तेथे एकच राजा, बाकी सगळे पाहुणे." दर्शनानंतर प्रसाद म्हणून विडा मिळतो, तो मागून घ्यावा. कॅमेरा आणि चामड्याच्या वस्तू बाहेर ठेवाव्या लागतात.

दतियाला गेलात आणि पीतांबरा पीठ केले नाही, हे माझ्या माहेरच्या लोकांना सांगितले तर ते आपल्याला पुन्हा पाठवतील. तेथे बगलामुखी देवीचे स्थान आहे, आणि त्याच आवारात धूमावती देवीचेही आहे. धूमावतीचे दर्शन सवाष्णींनी घ्यायचे नाही अशी तेथील रीत आहे, तेव्हा बरोबर बायका असतील तर आधीच ठाऊक असलेले बरे.

झाशीत किल्ल्याजवळ आमचे गणेश मंदिर आहे. लक्ष्मीबाईंचे लग्न तेथे झाले, असे सांगतात. गणपतीत तेथली आरती ऐकली, तर आपण महालातल्या एखाद्या वाड्यात उभे आहोत असे वाटेल.

गिधाडांच्या मागावर

सर्वजण खाली पाहत आहेत, कृपया वर पाहा. चतुर्भुज मंदिराच्या शिखरांवर आणि बेतवेकाठच्या छत्र्यांवर लांब चोचीची गिधाडे घरटी करतात. आपल्याकडे जी गिधाडे शोधायला दूरदूर जावे लागते, ती ओरछ्यात राजांच्या समाध्यांवर बसलेली असतात. छत्रीच्या कोनाड्याखाली दगडावर चुन्यासारखे पांढरे ओघळ दिसले की समजावे, वर घरटे आहे. फेब्रुवारीत पिल्ले घरट्यात असतात. मी दोन तास एका छत्रीसमोर बसून होतो. नर उतरला तेव्हा पंखांचा असा आवाज आला की कोणी सतरंजी झटकली. दुर्बीण न्यावी आणि घरट्याखाली गोंगाट करू नये.

निवृत्त मेलगार्ड

प्रवासाविषयी थोडे. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत उत्तरेत धुके असते आणि दिल्लीकडून येणाऱ्या गाड्या कित्येक तास उशिरा धावतात. त्या दिवसांत जाताना त्रास कमी, येताना अधिक. धागाकर्त्यांना फेब्रुवारीत तीन तास बसावे लागले, तेच जानेवारीत असते तर सकाळ झाली असती. म्हणून ही सहल ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारीच्या उत्तरार्धात करावी. दतियाला सगळ्या जलद गाड्या थांबत नाहीत, तेव्हा थांबा पाहूनच चढावे, नाहीतर एकदम ग्वाल्हेरला उतराल. (उतरलात तरी बिघडले नाही. तेथे मानसिंह तोमराचा मान मंदिर महाल आहे आणि शिंद्यांचा १८७४ सालचा जयविलास महालही, पण तो दुसऱ्या दिवसाचा विषय आहे.) ओरछ्यालाही स्थानक आहे, परंतु ते मुख्य मार्गावर नाही आणि तेथे गाड्या मोजक्या थांबतात, म्हणून झाशीहून रस्त्यानेच जावे.

ज्या घाटाचे धागाकर्त्यांनी लिहिले आहे, तो धाराखोह ते मरामझिरी. नागपूरकडे येताना चढ एवढा आहे की पुष्कळ गाड्यांना मागून आणखी इंजिने लावतात. मी त्या घाटात अर्धे आयुष्य काढले आहे. पावसाळ्यात उजाडताना तेथे जे दिसते, ते पाहायला तिकीट काढले तरी वसूल होईल.

वर्धारोडचा प्रवासी

सर्वांचे आभार. माहेरवाशीण ताईंचे म्हणणे मान्य आहे. रामराजाचे दर्शन आम्ही 'मंदिर' म्हणून घेतले आणि त्या भिंती महालाच्या आहेत हे ध्यानातच घेतले नाही. विडा मिळाला होता, तो आईने नागपूरपर्यंत पदरात बांधून आणला.

इतवारीकरांशी एक तडजोड सुचवतो. ज्यांना चढउतार सोसतो त्यांनी सकाळी जहांगीर महाल, राजा महाल आणि रामराजा पाहून दुपारी दतिया करावे. ज्यांच्याबरोबर वडीलधारी माणसे आहेत त्यांनी दतियातले काळोखे जिने टाळून ओरछ्यातच राहावे, दुपार बेतवेच्या काठी छत्र्यांपाशी काढावी आणि संध्याकाळी राणी महालात तासभर जावे. मी पुन्हा गेलो तर दुसरे करीन.

महालवासी, आपला प्रतिसाद वाचून काल संध्याकाळी मुलीला घेऊन महालात आलो होतो. गांधीगेटपासून चालत गेलो. तिला १८६४ ची आग आणि दतियाचा रिकामा महाल, दोन्ही एकदम सांगितले. ती म्हणाली, "तिथे राजा गेला नाही म्हणून महाल राहिला आणि इथे राजा होता म्हणून जळाला का?" मला उत्तर देता आले नाही. आगीचे कारण आपल्याला ठाऊक असेल तर येथे लिहावे.

महालवासी

आगीच्या कारणाबद्दल महालात जेवढी घरे तेवढ्या गोष्टी आहेत, त्या येथे लिहिण्याजोग्या नाहीत. पण रविवारी सकाळी या, नगारखान्याचे काय राहिले ते दाखवतो. मुलीलाही आणा.